जुना क्लेम अडकलाय, पॉलिसी संपतेय

गाडीचा विमा नव्याने घ्यायला जुना क्लेम मिटेपर्यंत थांबू नका. ज्या दिवशी तुमची गाडी ठाण्यात वंदना टॉकीजजवळ साचलेल्या पाण्यात बंद पडली, त्या दिवशी जी पॉलिसी चालू होती तिच्याच कंपनीने तो क्लेम द्यायचा. आता दुसऱ्या कंपनीकडे गेलात तरी तो हक्क जात नाही. जुनी पॉलिसी आणि क्लेम नंबर मात्र जपून ठेवा.

खरी गडबड होते ती एनसीबीत, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या ‘नो क्लेम बोनस’ सवलतीत. नव्या पॉलिसीच्या फॉर्ममध्ये ‘गेल्या वर्षी क्लेम केला होता का?’ असं विचारतात. पैसे आले नाहीत म्हणून ‘नाही’ लिहायचा मोह होतो, एजंटही खुशाल तसंच सुचवतात. पण नवी कंपनी जुनीकडून खात्री करून घेऊ शकते आणि खोटं निघालं की पुढच्या नुकसानीला हात वर करते. ‘हो’ लिहा, एनसीबी शून्य धरा. क्लेम किरकोळ रकमेचा असेल आणि एनसीबी ५० टक्क्यांवर पोचला असेल, तर क्लेम मागे घेणं परवडतं का, याचा हिशेब आधी करा. इंजिनात पाणी गेलं असेल तर हा विचारच नको.

गाडी अजून गॅरेजमध्येच आहे? मग नव्या कंपनीला तसं सांगा. आधीचं नुकसान नव्या पॉलिसीत बसत नाही. मुदत मात्र चुकवू नका. खंड पडला की गाडीचं इन्स्पेक्शन आलंच, शिवाय विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड.

जुनी कंपनी टोलवतच राहिली तर लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही.