ऑफिसच्या हुरडा पार्टीत सगळ्यांसमोर टोमणे मारणाऱ्या सहकाऱ्याचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन सोलापूरला आलात, ऑफिसातला एक सीनियर चारचौघांत तुमच्या बोलण्यावरून आणि पगारावरून टोमणे मारतो, आणि येत्या रविवारी शेतावर हुरडा पार्टी आहे. जावं की काहीतरी कारण सांगून टाळावं? जा. हुरड्यावर पाणी सोडावं एवढा तो माणूस मोठा नाही.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघतो. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या आगेमागे आमच्याकडे दरवर्षी अशी पार्टी असते, त्यामुळे तुमच्या या सीनियरचे भाऊबंद भरपूर पाहिलेत.

आधी एक गोष्ट तपासा. इकडचं बोलणं रांगडं आहे. 'काय बे, कुठं मेलता इतके दिवस?' हे इथं ख्यालीखुशाली विचारणं झालं, आणि त्यात मध्येच कन्नड-तेलुगूची फोडणी पडली तर नव्या माणसाला भांडणच वाटतं. तो शिपायाशी आणि साहेबांशीही असाच बोलत असेल तर मनावर घेऊ नका. साहेबांपुढे 'हो सर, हो सर' आणि जीभ सैल सुटते ती फक्त तुमच्यापुढे, असं असेल तर मात्र तो माणूस बघून बोलतोय.

आता पार्टीचं. आगटीभोवती सगळे गोल करून बसतात. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसलेली असतात, भाजलेलं कणीस कोणीतरी हातावर चोळतं आणि मूठ-मूठ दाणे पुढ्यात येतात. शेंगाचटणी, गूळ, दही सोबतीला. खाणं असं थोडं-थोडं येत असल्यामुळे मधला वेळ गप्पांनीच भरायचा असतो. टोमणेबाजाला याहून चांगली जागा कुठली? माणसं बसलेली, हात रिकामे, हसायला निमित्तच हवंय. म्हणून त्याच्या शेजारी बसू नका आणि बरोबर समोरही नको. त्याच्याच बाजूला, मध्ये दोन-तीन जण सोडून बसा. तिथून तुमची खेचायची तर त्याला मान वळवून, वाकून बोलावं लागतं, आणि निम्मी मजा तिथंच जाते. फार झालं तर उठून कणसं चोळायला बसा. काम करणाऱ्याची कोणी खेचत नाही, शिवाय पहिला गरम घास आपला.

तरी तो बोललाच तर? आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीला डिस्पॅचमधल्या एका काकांनी भर आगटीवर सुनावलं, 'हिला साधा हुरडा चोळता येईना, बिलं काय जमणार?' सगळे हसले. ती शांतपणे म्हणाली, 'काका, नीट ऐकू नाही आलं. परत सांगा की.' काकांनी परत सांगितलं, पण या वेळी आवाज पडलेला आणि कोणीच हसलं नाही. तिने चटणीची वाटी शेजारच्या बाईंकडे सरकवली आणि त्यांच्याशी बोलायला लागली. एवढंच. उलट टोमणा मारला असता तर जुगलबंदी रंगली असती, आणि त्यात काकांचा हात कोण धरणार? रडवेलं हसून साथ देणं तर त्याहून वाईट, कारण मग पुढच्या वेळची परवानगीच मिळते.

तो पिऊन आला असेल तर हेही नको. सरळ उठून दुसऱ्या घोळक्यात जा.

खरं बोलणं सोमवारी, ऑफिसात, एकट्याला गाठून. 'रविवारी माझ्या पगारावरून जे बोललात ते मला आवडलं नाही. कामात चूक असेल तर तोंडावर सांगा, पण लोकांसमोर हा विषय नको.' आवाज न चढवता एवढं सांगायचं आणि चहाला जायचं. बहुतेक जण 'अहो, मस्करी केली' म्हणतात. म्हणू द्या, वाद घालू नका. निरोप पोचलेला असतो. त्यानंतरही चालूच राहिलं तर तारीख, शब्द आणि तिथं कोण होतं हे लिहून ठेवा आणि वरिष्ठांना लेखी द्या. नुसतं तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विरतं.

हे सगळं टोमण्यांपुरतं. बाईमाणसाला उद्देशून अश्लील बोलणं किंवा अंगचटीला येणं असेल तर 'पार्टीत झालं, ऑफिसात नाही' ही सबब चालत नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात नोकरीच्या निमित्ताने जिथं जावं लागतं ती जागा, अगदी कंपनीने दिलेली गाडीसुद्धा, कामाचं ठिकाणच धरली जाते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती लागतेच, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, 3 महिन्यांच्या आत. जातीवरून अपमान झाला तर तो वेगळा आणि गंभीर गुन्हा होऊ शकतो. तिथं सोमवारची वाट बघू नका, वकिलाला विचारा.

आणि शक्यतो स्वतःच्या गाडीवर जा. कंपनीच्या बसने गेलात तर शेवटचा माणूस हात धुऊन येईपर्यंत तिथंच अडकाल, आणि परतीच्या वाटेवर तो नेमका तुमच्या मागच्या सीटवर बसलेला असेल.