पर्थला समुद्राकाठी घर बघताय? दुपारी चारला जा

तुम्ही फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या पर्थला येताय, ऑफिस शहरात, सोबत बायको आणि सहा वर्षांची लेक. राहायचं ते समुद्राजवळच, मग कॉटेस्लो, स्कारबरो की मँडुरा, असं विचारलंत.

मी रत्नागिरीचा. समुद्र मला कोणी शिकवायला नको, असा माज होता. आल्या आल्या स्कारबरोला अगदी पहिल्या ओळीत घर भाड्याने घेतलं. इथे घर दाखवायच्या वेळेला 'होम ओपन' म्हणतात. ते होतं शनिवारी सकाळी आणि पाणी तळ्यासारखं शांत. शाळेत खारे वारे-मतलई वारे घोकले होते, पण उपयोग शून्य. उन्हाळ्यात सकाळी पूर्वेचा कोरडा वारा असतो आणि दुपारी नैऋत्येचा खारा वारा सुटतो. त्याला लोक इथल्या फ्रीमँटल बंदराच्या नावावरून 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, कारण चाळीस अंशांच्या दिवशी तोच जिवात जीव आणतो. पण पहिल्या ओळीतल्या बाल्कनीत चहा घेऊन बसलात तर चहात वाळू. आमची वाळत घातलेली चादर शेजाऱ्याच्या गाडीवर सापडली. सरकत्या दाराच्या खाचेत इतकी वाळू, की आधी जुन्या टूथब्रशने खाच साफ करायची, मग दार लावायचं. आठ महिन्यांत सायकलची साखळी विटकरी झाली.

म्हणून पहिली ओळ सोडा. तीन-चार गल्ल्या आत घ्या, भाडंही उतरतं. आणि घर आवडलं तरी सही करण्याआधी दुपारी चारला पुन्हा जाऊन या. तुम्ही ऐन उन्हाळ्यात येताय, त्यामुळे खरं काय ते लगेच कळेल.

स्कारबरोला लाटा मोठ्या, आत ओढणारे प्रवाहही असतात. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, मोठ्यांनीसुद्धा. कॉटेस्लो सुंदर, ट्रेनही जवळ, पण भाडं ऐकून बसाल खाली. मँडुरा सुमारे 70 किलोमीटर. 2007 पासून ट्रेन आहे, 50 मिनिटांच्या आसपास लागतात, पण स्टेशन किनाऱ्यापासून लांब. रोजच्या नोकरीला मी नाही सुचवणार. कुर्ल्या पकडायला मात्र जाच! तिथल्या खाडीत गुडघाभर पाण्यात जाळं घेऊन उभं राहायचं. कवच 127 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर कुर्ली परत पाण्यात, त्यामुळे मोजपट्टी खिशात हवी. सप्टेंबर ते नोव्हेंबर बंदी असते.

लेक लहान आहे म्हणून माझं मत पर्थ आणि मँडुराच्या मधल्या रॉकिंगहॅमला. समोर गार्डन आयलंड आडवं असल्यामुळे पाणी निवांत, मुलं तासन्तास डुंबतात. आपल्याकडच्यासारखी भरती-ओहोटी नाही, जेमतेम फूट-दोन फूट फरक, त्यामुळे कधीही गेलं तरी किनारा तसाच. शहरात जायला ट्रेन साधारण 35 मिनिटं, स्टेशनपर्यंत बस किंवा गाडी. उत्तरेला क्विनानाचे कारखाने दिसतात, ते काही लोकांना खटकतं. मला नाही खटकत. भारतीय किराण्यासाठी मात्र आम्ही कॅनिंग व्हेल या उपनगरापर्यंत जातो, पंधरा दिवसांचं एकदम भरतो.

पहिला करार सहा महिन्यांचाच करा. जून-जुलैत पाऊस आणि वादळी वारे येतात, तो समुद्रही बघून मग लांबचं ठरवा. आणि लेकीची सायकल तिकडून आणू नका. चाकाला माती दिसली तर विमानतळावर अडवतात, आणि अडवली नाही तरी साखळीचं काय होतं ते वर सांगितलंच.