यूएआरटीला एएक्सआय कशाला हवा?

प्रश्न : सर, मी ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एफपीजीएवर (हवं ते सर्किट बसवता येणारी चिप) छोटी एसओसी, म्हणजे एका चिपवरची पूर्ण सिस्टिम, करतोय, रिस्क-फाइव्ह प्रोसेसर कोर, मेमरी, टायमर, यूएआरटी (सिरियल पोर्टचा ब्लॉक), सगळं एएक्सआय४-लाइट या बसने (ब्लॉक जोडणाऱ्या तारा आणि त्यांचे नियम) जोडलंय. सिम्युलेशनमध्ये यूएआरटीला पहिलाच राइट गेला की सगळं अडकतं. माझा मास्टर (व्यवहार सुरू करणारी बाजू) आधी ॲड्रेस देतो, तो घेतला गेला की मग डेटा. यूएआरटीचा ब्लॉक मात्र दोन्ही आल्याशिवाय रेडी (घ्यायला तयार असल्याचा सिग्नल) देत नाही. चूक कुणाची? मित्र म्हणतो, एएक्सआयऐवजी विशबोन बस घे, सोपं आहे.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : चूक तुझ्या मास्टरची आहे, यूएआरटीला हात लावू नकोस. एएक्सआयमध्ये राइटचा ॲड्रेस, राइटचा डेटा, राइटचा रिस्पॉन्स, रीडचा ॲड्रेस आणि रीडचा डेटा असे पाच वेगळे चॅनल असतात, प्रत्येकाला स्वतःचं व्हॅलिड (पाठवणाऱ्याचा ‘माल तयार आहे’ हा सिग्नल) आणि रेडी, आणि दोन्ही एकाच क्लॉकला हाय असले तरच माल पोचला असं धरायचं. आता नियम असा आहे की स्लेव्हने (उत्तर देणारी बाजू, इथे यूएआरटी) व्हॅलिडची वाट बघितली तर चालतं, एवढंच काय ॲड्रेस आणि डेटा दोन्हींची बघितली तरी चालतं, पण मास्टरने रेडी येईपर्यंत व्हॅलिड अडवून ठेवायचं नाही. तुझा मास्टर ॲड्रेसचं रेडी आल्याशिवाय डेटाचं व्हॅलिडच देत नाहीये आणि तिकडे यूएआरटी डेटासाठी थांबलाय, मग कोण हलणार? दोन्ही व्हॅलिड एकमेकांवर अवलंबून न ठेवता वर कर. आणि एकदा वर गेलेलं व्हॅलिड रेडी येईपर्यंत खाली यायला नको, ॲड्रेस-डेटाही तोवर बदलायला नको, यासाठी टेस्टबेंचमध्ये असर्शन (नियम मोडला की लगेच एरर देणारी तपासणी) टाकच, पुढचे बरेच तास वाचतील.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. यूएआरटीला एएक्सआय दिलाच कशाला? हिशोब कर, ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) स्टार्ट-स्टॉप धरून एका बाइटचे १० बिट, म्हणजे साधारण ८७ मायक्रोसेकंद, १०० मेगाहर्ट्‌झवर जवळजवळ ८६८० क्लॉक. एपीबी या साध्या बसचा एक व्यवहार सेटअप आणि ॲक्सेस मिळून २ क्लॉकमध्ये होतो. मग पाच चॅनलचं लॉजिक कुणासाठी? आर्म या चिप डिझाइन कंपनीने १९९६ मध्ये अँबा हे बसचं स्टँडर्ड आणलं तेव्हापासून एपीबी आहे ती अशाच संथ ब्लॉकसाठी, पुढे त्यातच १९९९ ला एएचबी, २००३ ला एएक्सआय या वेगवान बस आल्या तरी ती टिकून आहे. तुमच्या लॅबमध्ये ब्लू पिल बोर्ड असेल तर त्यावरच्या एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरचं डेटाशीट उघड, कोर आणि मेमरी एएचबीवर, यूएआरटी-टायमर ब्रिजमागे (दोन वेगळ्या बस जोडणारा ब्लॉक) एपीबीवर, त्यातही एपीबी१ ला ३६ मेगाहर्ट्‌झची मर्यादा आणि एपीबी२ ला ७२ ची. तूही तसंच कर, कोर-मेमरीला एएक्सआय राहू दे आणि बाकीच्यांसाठी एकच ब्रिज टाक.

विशबोन खरंच सोपं आहे, साध्या व्यवहाराला सायकल, स्ट्रोब आणि ॲक पुरतात, शिवाय पब्लिक डोमेन आहे. सगळे ब्लॉक तू स्वतः लिहिणार असशील तर खुशाल घे. पण एफपीजीए कंपनीचा तयार डीडीआर मेमरी कंट्रोलर वापरायचा असेल तर आधी त्याचा पोर्ट कुठला ते बघ, तो एएक्सआयचा निघाला तर मधे ब्रिज लागेल आणि तो तुलाच व्हेरिफाय करावा लागेल.