ग्लायडरमध्ये जीपीएस असताना होकायंत्र आणि कागदी नकाशा कशाला शिकायचा?

तुम्ही विचारलंय की हल्ली ग्लायडरमध्ये जीपीएसचा मूव्हिंग मॅप असतोच, मग क्लबवाले नवीन माणसाला नकाशा आणि होकायंत्रात का अडकवतात. मी पहिल्यांदा हडपसरला विंचवर (दोराने ग्लायडर ओढून वर चढवणारं यंत्र) उडलो, आता जर्मनीत उल्मजवळ उडतो, दोन्ही वापरतो, आणि मला विचाराल तर क्लबवाले बरोबर आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एलएस४ (एका माणसाचं ग्लायडर) घेऊन निघालो होतो, फील्ड (उतरायचं मैदान) १८ किलोमीटरवर असताना स्क्रीन गेली, व्हेरिओचा (ग्लायडर चढतंय की उतरतंय ते सांगणारं यंत्र) आवाज गेला, रेडिओपण गेला, सगळं एकाच बॅटरीवर ना (वायर सैल झालेली, ते उतरल्यावर कळलं). मेकॅनिकल व्हेरिओ मात्र चालूच होता. त्याला बॅटरी लागत नाही, मागे थर्मॉससारखी बाटली असते, वर चढलं की बाहेरचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा बाहेर निघते आणि त्यावर काटा हलतो, बस्स. खाली डॅन्यूब दिसत होती त्यामुळे कुठे आहे ते नकाशावर लगेच सापडलं. एलएस४ शांत हवेत १००० मीटर उंचीवरून साधारण ४० किलोमीटर जातं, मी निम्मंच धरतो, म्हणजे १८ किलोमीटरला ९०० मीटर आणि वर सर्किटसाठी (उतरण्याआधी मैदानाशेजारून घ्यायचा फेरा) ३००. माझ्याकडे फील्डच्या वर १५०० होते. हे आकडे नकाशावर दर १० किलोमीटरचे गोल काढून निघायच्या आधीच लिहिलेले असतात, वर गणित करत बसायचं नाही.

होकायंत्रावर मात्र फार भिस्त ठेवू नका, थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) गोल फिरताना ते काहीही दाखवतं, सरळ होऊन थोडं स्थिरावलं की मगच वाचायचं. आणि कॅनॉपीवर (पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) चिकटवलेला लोकरीचा धागा! ग्लायडर तिरकं सरकतंय का हे त्याच्याइतकं चटकन दुसरं काहीच सांगत नाही.

इलेक्ट्रॉनिकमध्ये दोन गोष्टी मी कधीच सोडणार नाही. एक आवाजाचा व्हेरिओ, कारण चढ-उतार कानाला कळतो आणि डोळे बाहेर राहतात. दुसरं फ्लार्म, २००४ साली स्वित्झर्लंडमधून आलं, जवळचं ग्लायडर टक्कर होईल असं येत असेल तर आधीच ओरडतं, अर्थात त्याच्याकडेही फ्लार्म असेल तरच, आणि पांढरं ग्लायडर समोरून येताना खरंच दिसत नाही हो.

एकट्याने लांब जायच्या आधी इन्स्ट्रक्टरला सांगून एक फ्लाइट स्क्रीनवर कापड टाकून करा, नकाशा मांडीवर घ्या आणि फील्ड शोधून परत या.