अब्बांबद्दल लिहिताना

बेटा,

अनेक आशीर्वाद. अब्बा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी वाटायच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेली चार पानं मिळाली. फोनवर बोलता आलं असतं, पण लिहूनच सांगतो, म्हणजे पुन्हा लिहायला बसशील तेव्हा हे समोर राहील.

‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘कुटुंबवत्सल’, ‘हाडाचे कलावंत’. तू लिहिलेला एकही शब्द खोटा नाही. पण वरचं नाव बदललं तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कुणाही भल्या माणसाला ही पानं चालतील. ज्यांनी अब्बांना कधी पाहिलं नाही, त्यांना ते दिसले पाहिजेत. त्यासाठी त्यांच्या हातांपासून सुरुवात कर.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते तानपुऱ्याची जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून तारेचा स्वर खुलवताना. तू घरातच वाढलीस, त्यामुळे तुला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसेल. वाचणाऱ्याला मात्र ते ठाऊक नसतं. म्हणून सविस्तर लिही. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, हाडाची घोडी बसलेली; तिच्यावरून तारा जातात. वरून सपाट दिसते, पण तिला डोळ्याला न जाणवणारा उतार असतो. तार त्या उताराला घासत घासत सुटते आणि तिथून स्वर उमलतो. तारेखाली सुताचा धागा सारायचा, मागेपुढे करायचा, ऐकायचं. अब्बा बारीक कानस घोडीवरून दोन वेळा फिरवत, फुंकर मारत, तार पुन्हा जाग्यावर बसवत, छेडत आणि मान वाकडी करून ऐकत. ‘अजून बंद आहे’, असं स्वतःशीच पुटपुटत. पुन्हा तार बाजूला, पुन्हा कानस. एक घास जास्त झाला तर घोडी वाया आणि सगळं पहिल्यापासून. पंचमाच्या तारेची जागा वेगळी, जोडीच्या तारांची वेगळी, खर्जाच्या तारेची तर फारच वेगळी. हे चालू असताना ते कुणाशी बोलत नसत. गिऱ्हाईक मोठं असो की शिकाऊ, बाकड्यावर बसून राही.

आणि हे काम ते पहाटे करत. फजरची नमाज झाली की दिवा लावून बसायचे, कारण एकदा गल्ली जागी झाली, रिक्षा आणि भांड्यांचे आवाज सुरू झाले, की जवारीचं बारीक काही ऐकू येत नाही. म्हणजे तुम्ही भावंडं वर झोपलेली असायचात आणि खालून षड्ज येत असायचा. तुझ्या पानांत हे का नाही? तू शाळेसाठी कोणत्या आवाजाने उठायचीस, ते लिही. वडील म्हणून ते कसे होते आणि कारागीर म्हणून कसे होते, अशी दोन प्रकरणं तू केली आहेस. ती मोडून एक कर. त्या घरात कारखाना खाली होता आणि संसार वर. मधे होता तो फक्त एक जिना.

तानपुऱ्याच्या भोपळ्यांचंच घे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे यायचे, वर्षभराचे एकदम. भाजीचा भोपळा उपयोगाचा नाही. साल जाड हवी, घेर हवा, मानेचा डौल हवा. एकेक हातात घेऊन, टिचकी मारून, उन्हात फिरवून अब्बा निवडत. मग ते पाण्यात भिजवायचे, तोंड कापायचं, बिया आणि गर काढायचा, आत कामट्या ताणून बसवायच्या आणि आकार धरेपर्यंत वाळवायचं. घरात पाहुण्यांना झोपायला जागा नसे, पण माळ्यावर भोपळ्यांना असे. पैसा सगळा आत्ता गेला आणि तानपुरा विकला जाईल तेव्हा येणार, तोही हप्त्याने. त्यातच जूनमध्ये तुमच्या वह्या, दप्तरं, फिया. हा मेळ कसा बसला ते अम्मींना विचार. तुझ्या पानांत अम्मी एका वाक्यात येतात, ‘खंबीर साथ’ दिली म्हणून. मी त्या घरात पाहिलंय, कोणाचा किती ॲडव्हान्स आला, कोणाची तार बाकी आहे, तून लाकडाचा दर कुठे चढला, हे अब्बांना विचारलं की ते आतल्या खोलीकडे पाहत आणि उत्तर अम्मींकडून येई. त्यांना समोर बसव, घाई करू नकोस, आणि त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घे.

वह्या सांभाळून ठेवल्या असशीलच. लाल कापडी बांधणीच्या त्या वह्यांमध्ये गिऱ्हाइकाचं नाव, स्वर पेटीच्या पट्टीने ‘काळी चार’ की ‘काळी एक’, भोपळ्याचा घेर, पॉलिशचा रंग, असं सगळं आहे. काही नावांपुढे बाकी लिहून नंतर आडवी रेघ मारलेली दिसेल. ती पोरं गाणं शिकत होती, त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्या रेघांबद्दल जरूर लिही. नावं मात्र छापू नकोस; त्यातले काही आज नावारूपाला आले आहेत, आणि अब्बांनी ती नावं कुणाला कधी सांगितली नव्हती.

आता इतिहासाचं पान. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला सुरुवात केली, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले, १९३७ साली गेल्यावर मिरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं, हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला. हे सगळं खरं आणि अभिमानाचं आहे, पण तू त्याला दीड पान दिलंस आणि अब्बा त्यात हरवले. चार ओळी पुरेत. खाँसाहेबांबद्दल लिहायचंच तर एवढं लिही की त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची उत्तम जाण होती, आणि दर्ग्यातल्या उरुसाच्या मैफलीत अब्बा मंचाच्या बाजूला बसून गाण्याआधी तानपुरे ऐकत. कुठे तारेचा स्वर जुळवायचा मणी किंचित सरकला तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले, हे तू लिहिलंस. त्यानंतर ते काय म्हणाले तेही लिही. मी शेजारी उभा होतो. ‘आता तरी पोरं शिकायला येतील का?’ असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर आमच्यापैकी कुणीच दिलं नाही.

इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे. तुझा भाऊ पटाशी-रंधा सोडून नोकरीला पुण्याला गेला, ही गोष्ट तू गाळलीस. का गाळलीस ते कळतं. वाचणारे काहीबाही बोलतील, भावाला वाईट वाटेल. पण ती गाळलीस तर अब्बांचं निम्मं आयुष्य गळतं. त्यांना वाटत होतं मुलाने बसावं. इलेक्ट्रॉनिक तानपुरे आले, मग मोबाईलमध्येच तानपुरा आला, आणि हाताने केलेल्या वाद्याला गिऱ्हाईक शोधावं लागू लागलं, हेही ते पाहत होते. लाकडाच्या भुशाने त्यांना खोकला लागला होता, दिवसभर मांडी घालून पाठ वाकली होती. मुलाला त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. त्याला पोचवायला स्वतः स्टेशनवर गेले. परत आल्यावर आठवडाभर कामाला हात लावला नाही, हे मला अम्मींनी सांगितलं. भावाशी आधी बोल, त्याची परवानगी घे, जमलं तर हा भाग त्यालाच लिहू दे. कुटुंबवत्सल म्हणजे काय, ते त्या एका आठवड्यात आहे. मग तो शब्द कुठेही लिहायची गरज उरणार नाही.

त्यांचा रागही येऊ दे. कानशी कुणी जागेवरून हलवल्या की ते भडकत, हे गल्लीला माहीत आहे. मशीनवर केलेली घोडी कुणी दाखवली तर हातात न घेताच परत करत. एका नावाजलेल्या गवयाने पैशांवरून आवाज चढवला तेव्हा त्यांनी त्याचा तानपुरा गवसणीत घालून दारात ठेवला होता. गवयाचं नाव नको, प्रसंग असू दे. नुसता गोड माणूस लिहिलास तर त्यांच्याबरोबर काम केलेले लोक पुस्तिका मिटून ठेवतील.

त्यांच्या बरोबरीचे दोन-तीन कारागीर अजून बसतात. या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. मोबाईलवर रेकॉर्ड कर, पण आधी चहा पी, घरची चौकशी कर. अब्बा चपड्याच्या पॉलिशमध्ये रंग कसा धरत, तबलीची जाडी बोटाने कशी अजमावत, हे त्यांनाच ठाऊक आहे. गिरमिट, वाकस, कानशी, सगळ्या हत्यारांचे फोटो घे आणि प्रत्येकाखाली ते ज्या नावाने हाक मारत तेच नाव लिही. दुकानातलं नाव वेगळं असेल तर असू दे.

भोपळे पिकवणाऱ्या त्या शेतकऱ्याला कळवलंस का? दर वर्षी तो अब्बांसाठी वेगळे काढून ठेवायचा. पुस्तिकेची एक प्रत त्याच्याकडे जाऊ दे, आणि यंदाचे भोपळे कोण घेणार तेही त्याला सांगावं लागेल. त्याबद्दल गल्लीत मी बोलून ठेवतो.

नवी पानं पुढच्या शुक्रवारपर्यंत पाठव. लांबली तरी चालेल, कापायचं काम माझ्याकडे. शुद्धलेखन मी बघतो, छापखान्याशीही मीच बोलेन. अम्मींना सलाम सांग.

तुझा,
काका