गाडी लष्करी रंगात रंगवू का?

प्रश्न : माझ्याकडे १९३७ सालची ऑस्टिन सेव्हन आहे. गाडीसोबत जुनं ब्रिटिश लॉगबुक, म्हणजे गाडीची नोंदणी-पुस्तिका, मिळालं, त्यात पाच मालकांची नावं आहेत. मागची सीट उसवली तेव्हा आतून दोरीत ओवलेल्या दोन चकत्या निघाल्या : एक लाल, गोल, दुसरी हिरवी, आठ कोनांची. दोन्हींवर दुसऱ्या मालकाचं आडनाव आणि एक नंबर ठोकलेला आहे. म्हणजे हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात लढले असणार. त्यांच्या स्मरणार्थ गाडी लष्करी हिरव्या रंगात रंगवून दारावर त्यांचं नाव घालायचं माझ्या मनात आहे. मुलगा म्हणतो, हे नाटक होईल. आपलं मत काय?

उत्तर : माझं मत चिरंजीवांच्या पारड्यात टाका. पण त्या चकत्या आधी नीट ठेवा. पाण्याने धुऊ नका, त्या फायबरच्या असतात, ओल लागली की फुगतात.

ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात अशी जोडी देण्याची पद्धत १९१६ पासूनची. माणूस पडला की लाल चकती काढून नोंदीसाठी न्यायची आणि हिरवी त्याच्या देहासोबत राहू द्यायची, म्हणजे पुरताना ओळख हरवत नसे. तुमच्याकडे दोन्ही एकाच दोरीत आहेत. बहुधा ज्याच्या गळ्यात होत्या त्यानेच त्या उतरवल्या. मला विचाराल तर या गाडीत सापडलेली सगळ्यात चांगली बातमी हीच.

आता ‘लढले असणार’ याबद्दल. चकत्या सगळ्यांनाच मिळत : तोफखान्यातल्यालाही आणि कोठारात पोती मोजणाऱ्यालाही. मात्र नंबर कामाचा आहे. १९२० पासून ब्रिटिश सैन्याने रेजिमेंटवार नंबरांचे गट ठरवून दिले होते, त्यामुळे आकड्यावरून माणूस पहिल्यांदा कुठे भरती झाला ते कळतं. पुढे बदली झाली तरी नंबर तोच राही, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. ब्रिटिश संरक्षण खात्याकडच्या सेवा-नोंदी २०२२ पासून तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला लागल्या आहेत, तिथे अर्ज करता येतो. घरात पदकं सापडली तर कडेवर नाव शोधायची घाई करू नका. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर नाव-नंबर कोरलेला असतो, पण दुसऱ्यातली ताऱ्याच्या आकाराची ‘स्टार’ पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरीच दिली गेली. कोऱ्या पदकावर पाहिजे ती कहाणी चढवता येते, आणि विकणारे ती चढवतात.

लॉगबुक मात्र फार बोलकं असतं. दुसऱ्या मालकाच्या नावापुढची तारीख काय आहे? १९४५ नंतरची असेल तर गणवेश उतरवून आलेल्या माणसाने ही गाडी घेतली, आणि तुमच्या ऑस्टिनचा युद्धाशी संबंध एवढाच. तारीख आधीची असेल तर दरवेळच्या परवान्याचे शिक्के बघा. १९४२ च्या मध्यापासून पुढे काही वर्षं शिक्केच नसतील तर ‘मालक आघाडीवर गेला’ असं लगेच लिहू नका. त्या जुलैत ब्रिटनमध्ये खासगी गाड्यांचा पेट्रोलचा साधा कोटाच बंद झाला. डॉक्टर वगैरे सोडले तर बहुतेकांच्या गाड्या ठोकळ्यांवर चढल्या. कोटा परत सुरू झाला १९४५ च्या जूनमध्ये, आणि रेशनिंग पुरतं उठायला १९५० चा मे उजाडला.

ब्रिटिश सैन्यानेही काही ऑस्टिन सेव्हन वापरल्या होत्या हे खरं. पण पाच खासगी मालकांचं लॉगबुक हातात असताना तुमच्या गाडीला गणवेश चढवणं म्हणजे तिच्या तोंडी खोटी साक्ष घालणं. युद्धाची खूण हवीच असेल तर ती कदाचित गाडीवर आधीच असेल. ब्लॅकआउटमध्ये दिवे झाकलेले असत, म्हणून अंधारात गाडी दिसावी यासाठी बंपर, पायऱ्या आणि मडगार्डच्या कडा पांढऱ्या रंगवत. मडगार्डची कड आतल्या बाजूने बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. थराखाली पांढरा पट्टा निघाला तर तळहाताएवढा तसाच उघडा ठेवा, आणि रंगाऱ्याला बजावून ठेवा, नाहीतर तो उत्साहाने बुजवून टाकेल. बाकी गाडीला तिचा मूळ रंग द्या. तो डॅशबोर्डच्या मागे हमखास सापडतो.

दारावर नाव नको. एक वही करा आणि तिच्यात पाचही मालक लिहा : कुणाकडे कधीपासून कधीपर्यंत गाडी होती, कुणाच्या काळात काय बदललं. फ्लोअरला हाताने कापलेलं पत्र्याचं ठिगळ दिसलं तर ते कुणाच्या काळातलं असावं तेही लिहा. सैनिकाचं पान मोठं होईल, होऊ द्या, पण बाकी चौघांनी गाडी भंगारात घातली नाही म्हणून ती तुमच्या दारात उभी आहे. आणि त्या गृहस्थांचे नातेवाईक सापडले तर चकत्या त्यांना देऊ करा. फोटो तुमच्याकडे राहू द्या. त्यांनी ‘ठेवा तुम्हीच’ म्हटलं तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपच्या बॉनेटवर थरांखाली पांढरे आकडे दिसतात. त्यावरून ती चालवणारा सैनिक सापडेल का?

उत्तर : चालक सापडणं अवघड आहे. अमेरिकन सैन्याच्या जीपचा नंबर बॉनेटवर असे आणि जीपसाठी तो २० ने सुरू होई, पण तो गाडीचा नंबर, माणसाचा नव्हे. तुकडीची खूण बंपरवर असते, तेव्हा आधी तिथला रंग एकेक थर करून उतरवा. तुकडी कळली आणि पुढे नाव मिळालं, तरी फाइल मिळेलच असं नाही : १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राला, जिथे सैनिकांच्या सेवा-फाइली ठेवलेल्या होत्या, आग लागून १ कोटी ६० लाखांहून जास्त फाइली जळाल्या, आणि १९६० पूर्वी निवृत्त झालेल्या लष्करी सैनिकांच्या बहुतेक त्यातच होत्या. तोपर्यंत आपली जीप विलीजची की फोर्डची (दोन्ही कंपन्या ती बनवत) एवढं तरी ठरवून टाका. रेडिएटरच्या खालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकोनी घडीचा असेल तर फोर्ड. फोर्डने तर बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ ठोकलं होतं. मिसळ निघाली तर दचकू नका, लष्करी वर्कशॉपात जो सुटा भाग हाताला येई तो बसवत.