पंगतीनंतर घरात पाच जणांना उलट्या-जुलाब. नोरोव्हायरसची झटपट टेस्ट निगेटिव्ह आली, मग काय समजायचं?

तुमची हकीकत अशी: परभणीकडे लग्नाला गेलात, पंगतीत जेवलात, दुसऱ्या दिवशी रात्रीपासून घरात पाच जण आडवे. डॉक्टरांना नोरोव्हायरसची, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणाऱ्या एका विषाणूची, शंका आली. एकाची पंधरा मिनिटांची टेस्ट केली, ती निगेटिव्ह.

मी लातूरला एका लॅबमध्ये काम करतो, रोज हेच नमुने बघतो. त्या एका निगेटिव्हवर विसंबू नका.

ती पट्टी कोरोनाच्या किटसारखीच असते. थोडीशी संडास द्रावणात घोळायची, गाळ बसू द्यायचा, वरच्या पाण्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. दोन रेषा उमटल्या तर बहुतेक खरंच. एकच उमटली तर मात्र काहीच ठरत नाही, कारण विषाणू कमी असला की पट्टीला तो सापडत नाही, शिवाय त्याच्या सगळ्या जाती सारख्या पकडल्या जात नाहीत. अमेरिकेत २०११ साली अशाच अँटिजेन (म्हणजे विषाणूची प्रथिनं शोधायच्या) पद्धतीच्या एका टेस्टला मंजुरी मिळाली, तीही एकाच वेळी बरेच लोक आजारी पडतात तेव्हासाठी. एकट्या पेशंटसाठी ती पुरेशी नाही, असंच तिथं सांगितलं होतं.

खात्री हवी तर आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट. मशीनला काही तासच लागतात, पण आपल्याकडून नमुना मोठ्या शहरात जाऊन रिपोर्ट येईतो पेशंट बरा होऊन शेतात गेलेला असतो! करायचीच तर चार-पाच आजाऱ्यांचे नमुने द्या, तेही जुलाब पातळ असताना, पहिल्या दोन-तीन दिवसांत. डबी मेडिकलमधून घ्या. मागं एक आजोबा पेढ्याच्या डब्यात नमुना घेऊन आले, डबा फिनाईलनं खळबळून धुतलेला. त्यातून काय कळणार?

टेस्ट नसली तरी अंदाज बांधता येतो. अर्ध्याहून जास्त जणांना उलट्या, जेवणानंतर एक-दोन दिवसांनी सुरुवात, दोन-अडीच दिवसांत उतार, आणि कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू वाढवून बघतात त्यात) आजाराचा जिवाणू नाही, असं असेल तर नोरोच धरतात. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं.

उपचार रिपोर्टनं बदलत नाहीत. या विषाणूवर औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ओआरएस घोट-घोट पाजत राहा, लहानांना डॉक्टरांना विचारून झिंक. पण जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतील, रक्त पडत असेल किंवा लेकराची लघवी बंद झाली असेल, तर पट्टीचा नाद सोडून लगेच दवाखाना गाठा. पंगतीतली आणखी माणसं आजारी असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. पाण्याचे नमुने तेच घेतील.

आणि हो, आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं म्हणून लोक सॅनिटायझर चोळून मोकळे होतात. हा विषाणू त्याला फारसा जुमानत नाही. साबण आणि तांब्याभर पाणीच लागतं. बरं वाटल्यावरही संडासातून विषाणू दोन-दोन आठवडे पडत राहतो, तेव्हा आजारातून उठलेल्याला निदान दोन दिवस तरी कणकेला हात लावू देऊ नका.